आतून धरलेलं दार

१

रविवारचा पहिला चहा सर्जेराव घरी घेत नसे. तो पडेगावला, तात्यासाहेबांच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या उभ्या व्हायचा. एका हातात कप आणि दुसऱ्या हाताला ग्रीस. शेडमध्ये तीन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असत. तात्यासाहेबांची पांढरी, खुलताबादच्या हबीब इनामदारांची हिरवी आणि सर्जेरावाची लाल. तिन्ही एकाच विलायती साच्यातल्या, दोनच माणसांच्या, उघड्या टपाच्या, जमिनीला पोट लावून पळणाऱ्या. जहागिऱ्या जायच्या बेतात असताना उरलीसुरली हौस फिटावी म्हणून कुणाकुणाच्या आजोबांनी मागवलेल्या. अख्ख्या मराठवाड्यात तेवढ्याच उरल्या होत्या.

शहरातल्या मिस्त्र्यांना स्कूटर, टेम्पो, ट्रॅक्टर यांची नस ठाऊक होती; या गाड्यांपुढे मात्र ते हात जोडत. म्हणून हे तिघंच एकमेकांचे वैद्य. उन्हाळ्यात पेट्रोलचा पंप तापून बसला तर त्यावर ओलं फडकं टाकायचं, हे हबीबभाईंनी शोधून काढलेलं. दोन कार्बोरेटर जुळवायचे तर रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. "दोघांचा श्वास सारखा यायला पाहिजे," हे तात्यासाहेबांनी शिकवलेलं. सर्जेराव वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. तिथल्या लेथवर तो तिघांसाठी बुश आणि नट तयार करून आणी.

त्याची गाडी त्याला सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. तिचा सांगाडा त्याने टेम्पोत घालून आणला, आणि गाव, आडनाव विचारून तात्यासाहेबांनी त्याला आपल्या शेडमध्ये जागा दिली. बाप गेल्यापासून इतक्या मायेनं कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता.

गाडी उभी राहिली, पळू लागली, पण डावं दार गंजून चाळण झालं होतं. तसं दार कुठून मिळणार? एका रविवारी तात्यासाहेबांनी आपल्याच गाडीचं डावं दार बिजागऱ्यांतून काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"हे घे. मला काय करायचं? मी एकटाच हिंडतो. तिथं पत्रा ठोकून टाकीन."

"तात्यासाहेब, असं आपल्या गाडीचं दार काढून कुणी देतं का?"

"लेकाला देत नाय का बाप?"

सर्जेरावाने दार दोन्ही हातांनी उचलून घेतलं. या गाड्या हातानं ठोकून बनवलेल्या. एकीचं दार दुसरीला बसवायचं म्हणजे पट्ट्या घाला, कानस मारा, दोन दोन दिवस झगडा, हे तिघांनाही माहीत होतं. सर्जेराव कानस घेऊनच बसला. पण दार बिजागरीला लावलं, नुसतं लोटलं, आणि टक् करून बसलं. जणू तिथलंच होतं.

"बघ," तात्यासाहेब म्हणाले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

हबीबभाईंनी दाराकडे पाहिलं, मग तात्यासाहेबांकडे. कप अर्धाच ठेवून त्यांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले.

२

या गाडीच्या दाराला बाहेरून मूठ नसते. वरून आत हात घालायचा, दाराच्या अंगाला चामड्याची एक दोरी असते, ती ओढायची. खटका सुटतो आणि दार उघडतं. आत बसलेल्यानंही तेच करायचं.

दार लाल रंगवून झालं तसं सर्जेराव बायकोला, मनकर्णेला, गुलमंडीवर घेऊन गेला. तिला साडी बघायची होती. ही गाडी कुठंही थांबली की भोवती माणसं गोळा व्हायचीच. त्या दिवशीही झाली. कुणी दिव्यांवरून हात फिरवला, कुणी ‘किती पळते’ म्हणून विचारलं. मनकर्णेनं दोरी ओढली. खटका सुटल्याचा आवाज सर्जेरावाने स्वतः ऐकला. दार हललं नाही.

"ढकल की," तो म्हणाला.

"ढकलतेय ना!"

बाहेरच्या दोघांनी काठाला धरून ओढून पाहिलं. शेवटी हसत हसत लोक पांगले, मनकर्णा वैतागून घामेजली, आणि तिचा हात नुसता टेकला तर दार अलगद उघडलं.

घरी आल्यावर ती पायरीवर चप्पल काढताना म्हणाली, "अहो, ते अडकलं नव्हतं."

"मग?"

"अडकलेलं दार गच्च असतं. हे ओढ खात होतं. मी लोटलं की थोडं बाहेर जायचं, अन परत आत यायचं. कुणीतरी धरल्यागत."

सर्जेराव हसला. माणसं गाडीवर रेलतात, सांगाडा थोडा पिळतो, दार चौकटीत आवळतं. पत्रा म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं त्याने तिला समजावून सांगितलं. कारखान्यात रोज पत्र्याशीच त्याचा संबंध. आपलं म्हणणं त्याला स्वतःला पटलं. पण मनकर्णा त्यानंतर त्या गाडीत बसली नाही.

३

पुढच्या रविवारी त्याने शेडमध्ये विषय काढला. "तात्यासाहेब, दार अडतंय हो मधूनच."

तात्यासाहेब चाकाच्या तारा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "गर्दीत व्हय ना? पांगली की आपोआप उघडतं."

"व्हय."

"त्याला मेण लाव खटक्याला. अन गर्दी असली की बाईमाणसाला उतरवत जाऊ नको." मग हातातलं फडकं ठेवून, "खरं सांगू का, नुसत्या दारानं भागायचं नाय. दार अन सीट जोडीची असते. तुझी सीट पुढून उंच हाय, तिची पट्टी दाराला दाबते. माझी सीट घेऊन जा. तिच्या रुळासकट."

सल्ला कानाला बरोबर वाटत होता. सीटच्या रुळाचा आणि दाराचा संबंध लावता येत होता. डावी सीट दोघांनी मिळून काढली. तात्यासाहेबांनी तिच्याखालची चटईसुद्धा गुंडाळून दिली. एक स्क्रू खाली पडला होता, तोही शोधून त्यांनी सर्जेरावाच्या तळहातावर ठेवला. "माझ्याकडं काय ठेवू नको तिच्यातलं," म्हणाले.

त्या दिवशी हबीबभाई आलेच नव्हते.

परतताना छावणीच्या वळणावर सर्जेरावाच्या ध्यानात आलं, की आपण गर्दीचं काहीच बोललो नव्हतो. ‘दार अडतंय’ एवढंच म्हणालो. मग त्यांना कसं कळलं? त्याने स्वतःचीच समजूत घातली. त्यांचंच दार होतं ते. त्यांच्या गाडीभोवतीही गर्दी जमतच असणार. त्यांनाही हाच त्रास झाला असणार.

पण मग देताना बोलले का नाहीत?

या प्रश्नाशी तो फार वेळ थांबला नाही. ज्याने आपल्याला हात धरून शिकवलं, त्याच्याबद्दल असं मनात आणणंही त्याला पाप वाटलं.

४

सीट बसवल्यावर गाडीची चाल बदलली. रिकामी असली तरी ती डावीकडे बसू लागली. सर्जेरावाने गाडी जॅकवर घेतली, डावीकडचे स्प्रिंगचे पाटे तपासले, हवा तपासली, चाकांचा सांधा पाहिला. सगळं ठीक होतं. गाडी जॅकवरून खाली घेतली, की डावी बाजू हळूहळू खाली यायची. एकदम नाही, माणूस आधी टेकतो आणि मग अंग सोडतो, तशी.

सिडकोतल्या त्याच्या घराला लागून पत्र्याचं छप्पर होतं, तिथं गाडी असे. भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघर. दुपारी नळाला पाणी आलं, की गल्लीतल्या बाया हंडे घेऊन जमायच्या, बोलणं वाढायचं. आणि तेवढ्यात छपराखालून सीटच्या स्प्रिंगांचा आवाज यायचा. करकर. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा करकर, अंग चोरून कुणी कोपऱ्यात सरकावं तशी. मनकर्णा पोळी लाटता लाटता थांबायची. दोघं एकमेकांकडे बघायची नाहीत.

"मांजर असंल," तो म्हणायचा.

"व्हय, मांजरच," ती म्हणायची, आणि लाटणं पुन्हा फिरू लागायचं.

त्या दिवसांत शहरात मोर्च्यांना खंड नव्हता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन कितीतरी वर्षं लोटली होती आणि नाव काही बदललं नव्हतं. एका दुपारी क्रांती चौकाजवळ सर्जेरावाची गाडी मोर्च्यासाठी थांबली. निळे झेंडे, घोषणा, पोरंबाळं कडेवर घेतलेल्या बाया. माणसांचा लोंढा गाडीच्या दोन्ही अंगांनी वाहू लागला. आता दार आवळणार, असं वाटून त्याने डावीकडे पाहिलं.

खटका आपोआप सुटला. दार इंचभर उघडलं आणि तसंच राहिलं.

रांगेतली एक म्हातारी चालता चालता थांबली. डाव्या सीटकडे बघून तिने हात जोडले. "जयभीम रं बाबा," म्हणाली. ओळखीच्याला म्हणावं तसं म्हणाली. सर्जेरावाने गडबडून मान लववली. पण तिची नजर त्याच्याकडे नव्हतीच. ती पुढं गेली. मोर्चा सरला, मागं रस्त्याकडेचे नेहमीचे बघे उरले, ते गाडीकडे वळले, आणि दार आतून ओढल्यासारखं धाडकन लागलं.

५

वाळूजला पहिली पाळी सुटण्याची वेळ होती. सर्जेरावाला साहेबांनी बोलावलं म्हणून तो गाडी फाटकापाशी लावून आत गेला होता. परत आला तेव्हा गाडीभोवती चांगलाच घोळका होता. डाव्या सीटवर त्याचा डबा राहिला होता. तो डावीकडून गेला, दारावरून आत हात घातला आणि दोरी चाचपली.

दोरीवर आधीच एक हात होता.

गार नव्हता. मेलेल्याचा हात गार असतो, एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं. हा ऊन होता, घामानं चिकट होता. सर्जेरावाच्या बोटांखाली त्याने दोरी आणखी आवळली.

घोळक्यातलं कुणीतरी म्हणालं, "साहेब, काय झालं?"

"काय नाय," सर्जेराव म्हणाला. डबा न घेता त्याने गाडी काढली. घरी गेला नाही. सरळ खुलताबादचा रस्ता धरला. घाटभर त्याने डावीकडे मान वळवली नाही.

हबीबभाई दाराशीच खाट टाकून बसले होते. लाल गाडी बघून उठले, पण पायरी उतरले नाहीत.

"उधर लगाओ," ते म्हणाले. "जरा दूर."

"हबीबभाई, तुम्हाला माहीत होतं?"

म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मेरेकू भी बोले थे तात्यासाब. दरवाजा लेलो बोलके. मैं नक्को बोला. एक नट भी नहीं लिया उनसे."

"का?"

"एक बार बैठा था मैं उस सीट पे. बाजार का दिन था."  त्यांनी आपला डावा हात दुसऱ्या हातात धरला.

"मग मला सांगितलं का नाही?"

"क्या बोलता मियाँ? तुम तो हँसते." मग खाली बघत, अगदी हळू आवाजात, "और बोलता तो तात्यासाब नाराज होते. इतवार का बैठना बंद हो जाता. इस उमर में मेरेकू और है क्या?"

सर्जेराव मागं वळून गाडीकडे निघाला. रागावण्याइतकंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं. रविवारच्या चहासाठी या माणसाने त्याला त्या सीटशेजारी बसू दिलं होतं.

६

पडेगावला पोचायच्या आधीच त्याला समोरून पांढरी गाडी येताना दिसली. तिला डावीकडे नवं दार होतं, मुंबईहून करवून आणल्यासारखं चकचकीत, आणि नवी सीट. सीटवर तात्यासाहेबांची नात बसली होती. वाऱ्यानं केस तोंडावर येत होते आणि ती खदखदून हसत होती. तात्यासाहेबही हसत होते. सर्जेरावाने त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

लाल गाडी दिसताच ते हसू मावळलं. त्यांनी गाडी मळ्यात वळवली आणि नातीला घरात पाठवलं. सर्जेराव शेडमध्ये आला, तेव्हा ते बाजेवर बसले होते.

"त्या दारात कोण हाय, तात्यासाहेब?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. हा प्रश्न कधीतरी येणार म्हणून उत्तर तयार ठेवलेलं असावं.

"पुंजाराम. आमच्या भीमनगरातला. हितं कॉलेजात शिकायचा. नामांतराचा ठराव झाला अन गावोगाव पेटलं, तवा मी गावी व्हतो. मला म्हणला, तात्यासाहेब, मला शहरात सोडा. मी बसवला की रं त्याला! माझ्या शेजारी बसवला."

"मग?"

"वाटंत फरशीपूल लागतो. तिथं जमाव व्हता. गाडी अडवली. म्हणले, ह्याला उतरवा अन तुमी जावा. त्यानं दार आतून धरलं, दोन्ही हातांनी. अन माझ्याकडं बघितलं."

"तुम्ही काय केलं?"

तात्यासाहेबांनी घराकडे पाहिलं. नातीचा आवाज घरातून येत होता.

"दोरी काय लांब नव्हती," ते म्हणाले. "आडवा हात केला की पोचायची."

सर्जेराव खाली बसला. 

"पुढं काय झालं मला ठावं नाय. मी गाडी काढली. मागं बघितलं नाय. पण सीट काय रिकामी झाली नाय, सर्जेराव. माझी लेक तिच्यात बसली नाय, बायको बसली नाय. नात म्हणायची, आबा, मला बसवा. कसं बसवू?"

"म्हणून मला दिलंत! लेकाला देतो म्हणालात!"

"उगं नाय दिलं तुला." तात्यासाहेबांनी पहिल्यांदा डोळे वर केले. "तू आलास तवा मी गाव इचारलं, आडनाव इचारलं. तवाच ठरवलं. दोरी मी ओढली. पण दारावर पहिला हात टाकून ज्यानं त्याला बाहेर काढलं, त्याला जाऊन इचार. तुझा थोरला भाऊ सांडू हाय तो."

शेडमध्ये पत्रा उन्हानं तडतडला. सर्जेरावाच्या डोळ्यांपुढून ते सगळे रविवार गेले. रबरी नळी कानाशी धरून दिलेले धडे, खांद्यावरचा हात, ‘दोघांचा श्वास सारखा यायला पाहिजे.’ पहिल्या दिवसापासून हा माणूस आपल्याला माप घेऊन तयार करत होता. दार बसवायच्या आधी चौकट तयार करतात, तसं.

"तुमाला बाप मानलं मी," तो म्हणाला.

"मानलं ना," तात्यासाहेब म्हणाले. "म्हून तर घेतलंस."

७

सर्जेरावाचं गाव देवगाव रंगारीच्या पलीकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिकडे निघाला. थोरला भाऊ सांडू तिथं शेती बघायचा. ज्या साली गावोगाव पेटलं, त्या साली सर्जेराव पुण्याला कारखान्यात उमेदवारी करत होता. तिथला खर्च याच भावानं चालवला होता. लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेणाराही हाच. तात्यासाहेब खोटं बोलत असतील, असं सर्जेराव वाटभर घोकत होता. एका खोट्यावर दुसरं खोटं. भावाला एकट्याला मळ्यात घ्यायचं आणि नीट विचारायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. फरशीपुलावरून जाताना शेजारची सीट करकरली, पण त्याने डोळे रस्त्यावरच ठेवले.

गावात गाडी शिरली आणि एकट्याशी बोलायचा प्रश्नच उरला नाही. पारावरची माणसं उठून आली, पोरं धावली, बाया दारात आल्या. वहिनी चंपाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या मागून सांडूभाऊ. तोंडभर हसू.

"आरं सर्ज्या! आणलीस का शेवटाला! किती साल झालं म्हणतो, मला बसव म्हून!"

"दादा, थांब. मला काय विचारायचं हाय."

"इचार की गाडीत बसून. चल, एक चक्कर मार."

गर्दी दाटली होती. दार आता उघडायचं नाही, हे सर्जेरावाला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर तो गप्प राहिला. सांडूने दारावरून आत हात घातला. दोरीला त्याची बोटं लागायच्या आत खटका सुटला. दार आपणहून पूर्ण उघडलं.

सर्जेरावाने ओरडायला हवं होतं. ‘दादा, बसू नको’ हे तीन शब्द त्याच्या तोंडात तयार होते. पुढं कितीतरी वेळा तो हे आठवणार होता, की घसा कोरडा पडला नव्हता, जीभ टाळूला चिकटली नव्हती. बोलता आलं असतं.

सांडू बसला. दार लागलं.

"लई आखूड हाय रं ही सीट," सांडू म्हणाला. अंग चोरत तो उजवीकडे सरकला. "दाराकडं जागाच नाय."

सर्जेराव वाकला. अगदी हलक्या आवाजात त्याने विचारलं, "दादा, फरशीपुलावर तू होतास?"

सांडूच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि त्याच्यामागचा चेहरा बदलला. "कोन म्हणलं तुला?" तो म्हणाला. मग, "मला उतरू दे." त्याने दोरी ओढली. दार लोटलं. बाहेरची माणसं हसायला लागली. दोघंतिघं काठ धरून ओढू लागले, ‘जोर लाव, सांडूभाऊ!’ म्हणू लागले. सांडूने वरून टांग टाकून उतरायचा प्रयत्न केला, पण त्याला उठता येईना. डावा हात मांडीवर होता, तो हालत नव्हता.

सर्जेरावाने त्या हाताकडे पाहिलं. मनगटावर काहीच नव्हतं. फक्त कातडी चार जागी आत दबली होती, पांढरी पडली होती, आणि दाब आणखी वाढत होता.

सांडूनेही ते पाहिलं. मग त्याने वर बघितलं, भावाकडे.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय, दादा."

"अन तरी बसू दिलंस?"

गर्दी हसत होती. वहिनी म्हणत होती, भावजी, लवकर आणा हां त्यांना, जेवण तयार हाय. सर्जेराव वळसा घालून आपल्या बाजूला आला, स्टीअरिंगमागे बसला आणि स्टार्टर ओढला.

"कुठं नेतो मला?" सांडू म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"शहरात. त्याला तिथंच जायचं होतं."

पोरं वेशीपर्यंत मागं धावत आली. देवगाव रंगारी मागं पडलं. फरशीपूल आला तसा सांडू बोलू लागला. सुरुवातीला तोंडातल्या तोंडात, मग सलग. सर्जेरावाशी नाही, मान डावीकडे वळवून, दार आणि आपला खांदा यांच्यातल्या त्या वीतभर जागेशी. त्याला थोपवावं की ऐकावं, हे सर्जेरावाला कळेना. त्याने पाय दाबला. इंजिन गरजलं, उघड्या टपावरून वारा भणाणत आला, आणि शब्द त्यात वाहून जाऊ लागले. एखादं नाव कानावर येई, एखादं ‘मी नाय रं’, मग पुन्हा वारा. ऊन लख्ख होतं. दौलताबादचा किल्ला दिसू लागला तरी सांडूचं बोलणं चालूच होतं. आणि मधूनमधून, पलीकडून कुणी काही विचारल्यासारखा थांबून, तो नीट उत्तर देत होता.